द्वारकीच्या नावाचा स्वेटर

दया करायला निघालेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. ते आधी कपडे नीट करतं, मग चेहरा नीट करतं आणि मग आपल्याला कोण कोण बघतंय याचा अंदाज घेतं. हे ओळखायला मी सोनपेठला शिकले, सातवीच्या वर्गात. शाळेत तसं बरंच शिकवलं, त्यातलं पुष्कळ विसरलेही. हे मात्र डोक्यात पक्कं बसलंय.

त्या वेळी मी मावशीकडे राहायची. माय आणि बाप दसरा झाला की उसाला जायचे. ट्रकात बाजलं, भांडी, कोंबड्या, सरपण, शेळी आणि माणसं, सगळं एकावर एक रचलं जायचं, आणि ट्रक निघाला की माय मला दिसायची ती फक्त हातापुरती. उन्हं तापायला लागली की परत यायचे, काळे पडून. मावशी म्हणजे मायची थोरली बहीण. नवऱ्यानं तिला टाकलं असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, ‘‘त्यानं कसलं टाकलं? मीच टाकलं त्याला.’’ एसटी स्टँडच्या मागं तिचं हाटेल होतं. हाटेल म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे, पुढं रॉकेलचा स्टोव्ह आणि मागं एक खोली. त्या खोलीत आम्ही दोघी, पिठाचे डबे आणि एक मांजर. पहाटे स्टोव्हचा भर्र आवाज सुरू झाला की मला जाग यायची. त्याच्या मागोमाग पहिली गाडी लागायची आणि कंडक्टर ‘परळी, परळी’ असं ओरडायचा, जणू परळी कुठं पळूनच चालली होती. सकाळी सुशीला असायचा. मुरमुरे पाण्यातून काढून पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी, हळद, वरून दाण्याचा कूट. मावशी तो एवढ्या मोठ्या पातेल्यात करायची की हलवताना तिचा सगळा दंड थरथरायचा. बाजाराच्या दिवशी धपाटे आणि लसणाची चटणी. गिऱ्हाइकांचं झालं की उरलेलं आम्ही खायचो, आणि काही उरलंच नाही तर मावशी गिऱ्हाइकांना शिव्या देत भाकरी थापायची. तिचं तोंड फार वाईट होतं. दाताला मिश्री लावून ती एकदा बोलायला लागली की ड्रायव्हरसुद्धा चहा अर्धा टाकून गाडीकडे जायचे. माझ्यावर तिचा जीव होता, पण तो तिनं कधी तोंडावाटे बाहेर पडू दिला नाही.

माझ्या बाकावर द्वारकी बसायची. आमच्याच वस्तीतली. नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला ऊसतोड्यांची घरं होती, तिथं आमच्या घरापासून तिसरं तिचं. गणितात ती इतकी पुढं होती की सर फळ्यावर उदाहरण लिहायचे आणि ती उत्तर सांगून मोकळी व्हायची, मग सरांना उरलेला तास कसा काढावा कळायचं नाही. दर वर्षी दसऱ्यानंतर तिचं नाव हजेरीत नुसतंच राहायचं. मला मावशी होती. तिला कुणी नव्हतं. आमच्या दोघींत फरक होता तो एवढाच.

त्या वर्षी पाठकबाई आल्या. त्यांचे यजमान बँकेत होते, बदली होऊन आले होते. बाई गोऱ्या, नीटनेटक्या, रुमालाला अत्तराचा वास. त्या वाईट नव्हत्या, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. वाईट माणसाला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं. बाईंना वर्गाच्या भिंतीवर तक्ते लावायची हौस होती. पहिल्या महिन्यात त्यांनी फुलपाखरांचा तक्ता केला, दुसऱ्यात फळांचा आणि तिसऱ्यात गरिबीचा. मासिकांतून कापलेली कुठकुठची हडकुळी लेकरं त्यावर चिकटवली होती, भोवती रंगीत कागदाची झालर, आणि वर ठळक अक्षरांत ‘आपल्या गावातील गरीब मुले’. त्यातलं एकही पोर आमच्या गावातलं नव्हतं.

‘‘सांगा बरं,’’ बाई म्हणाल्या, ‘‘गरीब मुलं कशी असतात?’’

डॉक्टरांचा मुलगा उठून म्हणाला, ‘‘बाई, ती आंघोळ करत नाहीत.’’ किराणा दुकानवाल्यांची मुलगी म्हणाली, ‘‘त्यांना अभ्यासाची आवड नसते.’’ बाईंनी दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. द्वारकीच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं, कारण ती पहाटे हापशावर आंघोळ करून आली होती, आणि आदल्याच दिवशी गणितात वर्गात पहिली आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला हसू आलं. बाईंनी ते हसू पाहिलं, मग आमचे कपडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. तक्त्यात जे कमी होतं ते त्यांना सापडलं होतं.

दसऱ्याच्या आधी बाईंनी अभ्यासभेट काढली. दोन-दोनच्या रांगेत सगळा वर्ग आमच्या वस्तीत आला. द्वारकी आणि मी त्याच रांगेत, आमच्याच घराकडे निघालेल्या, पाहुण्यांसारख्या. आमच्या दाराला कडी होती, माय निंदायला गेली होती, म्हणून वाचली. द्वारकीची माय सोजरबाई घरी होती. कडेवर तान्हं पोरगं, आणि चुलीवर अंबाडीची भाजी शिजत होती. एवढी माणसं बघून तिला वाटलं, शाळेत काही आक्रीत झालं. ती घाबरून पुढं आली.

‘‘काय झालं बाई? पोरीनं काही केलं का?’’

‘‘काही नाही, काही नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मुलांना दाखवायला आणलंय.’’

काय दाखवायला, ते सोजरबाईनं विचारलं नाही. तिनं पटकन पदर नीट केला, बाज झटकली आणि द्वारकीला गूळ-पाणी आणायला सांगितलं. बाई दारातून आत वाकल्या आणि चुलीवरचं झाकण त्यांनी स्वतःच्या हातानं उचललं. ‘‘बघा मुलांनो, यांच्या जेवणात डाळ नाही.’’ पोरं लिहायला लागली. अंबाडीत डाळ घातलेली होती, तूरडाळ, शिजून एकजीव झालेली, पण ती कळायला अंबाडी खावी लागते. द्वारकी तांब्या-पेला घेऊन आली तेव्हा बाई मुलांकडे वळून हळूच म्हणाल्या, ‘‘पाणी कुणी पिऊ नका.’’ हळूच म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतकं. द्वारकी तशीच उभी राहिली. मग मी तिच्या हातातला पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायले. मला तहान नव्हती.

तेवढ्यात द्वारकीचा बाप किसन आला. उंच, वाकलेला, मितभाषी माणूस. बाईंना बघून त्यानं डोक्याचा रुमाल काढला आणि तो हातात चुरगाळत राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि तो बरेच दिवस ते मनात घोळवत असावा.

‘‘बाई, पोरगी हुशार हाय मनतेत सर. दर साली आमी उसाला जातो आन तिची शाळा बुडती. आमच्या माघारी तिची ऱ्हायाची सोय झाली तर लय उपकार व्हतील. जवारी आमी देऊन जाऊ. नुसती एक खोली पायजे, आन एखादं मोठं माणूस.’’

किती सोपं होतं! एवढी पोरं वह्या घेऊन आली होती गरिबाला काय पाहिजे ते शोधायला, आणि गरिबानं ते दारात उभं राहून स्वच्छ सांगितलं. शाळेत मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती. तिच्यात गणपतीच्या आराशीचं सामान, फाटके पडदे आणि मोडकी बाकं पडलेली असायची. आम्हा सगळ्यांना ती ठाऊक होती. बाईंनी किसनकडे मायेनं बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही काळजीच करू नका. आम्ही तुमच्यासाठी फार छान कार्यक्रम ठेवलाय.’’

कार्यक्रम! आजही तेच चालतं. रोज फोनवर कुठून कुठून फोटो येतात. एक पोर, त्याच्या हातात एक वही, आणि ती वही धरायला गावातले सगळे पुढारी. मागं फलक, फलकावर देणाऱ्यांची नावं आणि तोंडं. पोराचं नाव कुठंच नाही. माझी सून म्हणते, ‘‘आई, काहीतरी करतायत ना ते, तुम्हाला त्यातही खोट दिसते.’’ दिसते. ती तिथं असते म्हणून दिसते.

तर मुलांनी घरून एक-एक वस्तू आणायची ठरलं. वर्गाच्या कोपऱ्यात ढीग साठायला लागला. लोकांनी इतक्या वर्षांत जे टाकायचं राहून गेलं होतं ते सगळं आलं. एकाच पायाचे बूट. कुणाच्या तरी आजोबांचा काळा कोट, त्याला अजून तंबाखूचा वास. खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली. झिप गेलेलं दप्तर, काटा नसलेलं कंपास. डॉक्टरांच्या मुलानं तर घरी वापरत नाहीत म्हणून ताकाची रवी आणली. बाई प्रत्येक वस्तूला ‘छान, छान’ म्हणायच्या. संस्थेचे अध्यक्ष अप्पासाहेब, ज्यांची सरकीची पेंड आणि तेलाची गिरणी होती, त्यांनी मात्र एक नवा कोरा स्वेटर दिला. लाल, छातीवर दोन बदकं. तो सर्वांत गरीब आणि सर्वांत हुशार मुलीला व्यासपीठावर द्यायचा, आणि परभणीहून फोटोग्राफर बोलवायचा. द्वारकीचं नाव ठरलं. खोलीचं काय, असं मी एकदा विचारलं तर बाई म्हणाल्या, ‘‘एका वेळी एकच गोष्ट करावी बाळ.’’

कार्यक्रम दिवाळीच्या सुट्टीआधी होता. मुकादमाचा ट्रक त्याच्या आधीच आला. बाईंनी निरोप पाठवला की द्वारकीला दोन दिवस मागं ठेवा, कार्यक्रम झाला की जाऊ द्या. मागं ठेवा म्हणजे कुठं, कुणाकडे, नंतर कुणासोबत पाठवायची, हे निरोपात नव्हतं. ट्रक थांबला नाही. द्वारकी गेली, तान्ह्या भावाला कडेवर घेऊन, ट्रकाच्या फाळक्यापाशी उभी. माझे माय-बापही त्याच ट्रकात होते. माय रडत होती. द्वारकी रडत नव्हती. तिनं मला ओरडून विचारलं, ‘‘अपूर्णांकाच्या फुडचं काय हाय गं?’’

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. याआधी कधी फिरवला नव्हता. ‘‘तू तिच्याच वस्तीतली ना? मग असं कर, कार्यक्रमात तूच द्वारका हो. पत्रिकेत नाव छापून गेलंय. अप्पासाहेबांना थोडंच कळणार आहे?’’

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती भज्यांचं पीठ कालवत होती. तिनं हात थांबवला नाही. ‘‘जा की,’’ म्हणाली. ‘‘बग तरी कसं करतेत ते.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘तुला तोंड दिलंय ना देवानं? मग कामून मला इचारायलीस?’’

मंडप घातला होता. लाउडस्पीकर सकाळपासून ओरडत होता. अप्पासाहेबांनी भाषण केलं, त्यात ते लहानपणी कंदिलाखाली शिकले असं सांगितलं. कंदील नक्कीच त्यांच्या गड्यानं धरला असेल. मग पाठकबाईंनी माइकवरून सांगितलं, ‘‘आता ऊसतोड कामगाराची हुशार कन्या, द्वारका.’’ मी वर गेले. माइक माझ्या तोंडाच्याच उंचीला होता, कारण आधी एका लहान मुलीचं स्वागतगीत झालं होतं.

‘‘मी द्वारकी न्हाई,’’ मी म्हणाले. आवाज मंडपभर घुमला आणि मीच दचकले. ‘‘द्वारकी उसाला गेली. तिच्या बापानं खोली मागितली व्हती. शाळेत खोली हाय, मागल्या बाजूला. स्वेटर न्हाई मागितला.’’

मला वाटलं आता काहीतरी होईल. कुणीतरी उठेल, रागावेल, खोलीची किल्ली मागेल, नाहीतर मला मारेल. इतक्या वर्षांनीही त्या क्षणाची मला गंमत वाटते, की सातवीतल्या पोरीला खरं बोलण्यावर केवढा भरवसा असतो! अप्पासाहेब मोठ्यानं हसले. ‘‘लेकरू गडबडलं,’’ म्हणाले, ‘‘एवढी माणसं कधी बघितलेली नसतात बिचाऱ्यांनी.’’ आणि सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. कौतुकानं. त्या टाळ्या चालू असतानाच त्यांनी स्वेटर माझ्या डोक्यातून घातला. ऑक्टोबरच्या त्या उन्हात. माझं तोंड लोकरीत अडकलं आणि बाहेर आलं तेव्हा फोटो निघून गेला होता.

मावशीनं तो स्वेटर बघितला. उलटा केला, सुलटा केला, वास घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं हाटेल बंद ठेवलं, जे ती ताप असतानाही करत नसे, आणि मला घेऊन शाळेत आली. बाईंच्या टेबलावर स्वेटर ठेवला. ‘‘ह्यो ज्याच्या नावाचा हाय त्येला द्या. आन ती खोली उघडा. पोरगी मी आणते. झोपायला मी येत जाईन तिच्यापाशी.’’

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘तुमच्यासाठी एवढं करायचं आणि तुम्ही असं बोलायचं,’’ म्हणाल्या. ‘‘खोलीचं माझ्या हातात नाही. अप्पासाहेबांना विचारा.’’ अप्पासाहेबांना विचारलं. ते गिरणीच्या ओट्यावर बसले होते. ‘‘शाळा ही काही धर्मशाळा नाही, बाई,’’ ते म्हणाले आणि मावशीला चहा विचारला. मावशी म्हणाली, ‘‘चहा मी इकते.’’

दिवाळीच्या सुट्टीत मावशी मला घेऊन निघाली. परळीपर्यंत एक गाडी, पुढं दुसरी, मग तिसरी. धपाट्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर. कारखान्याच्या गावाला उतरलो तेव्हा मळीचा वास इतका दाटून आला की धपाटा घशाखाली उतरेना. शेताच्या कडेला पाचटाच्या खोपी होत्या. माय फडात होती. तिनं मला बघितलं, कोयता टाकला आणि धावत आली. तिच्या हातांना पाचटानं कापल्याच्या रेघाच रेघा होत्या. द्वारकी खोपीपाशी बसून होती. एका हातानं चूल, एका हातानं भाऊ.

मावशीनं आडवळण घेतलं नाही. ‘‘पोरीला न्यायला आलेय. माझ्या खोलीत ऱ्हाईल. खाईल ते काम करून खाईल, फुकट न्हाई.’’

किसननं सोजरबाईकडे बघितलं. मला तेव्हा कळलं की खोली मिळणं सोपं होतं, अवघड हे होतं. द्वारकी गेली तर तान्हं कुणी बघायचं? नवरा-बायको दोघंही फडात, आणि कोयता जोडीलाच मिळतो, एकट्या माणसाला मुकादम कामावर घेत नाही. सोजरबाईनं जुन्या लुगड्याचा पिळा केला आणि बांधाच्या बाभळीला झोळी बांधायला लागली. गाठ मारली, ओढून बघितली, परत मारली.

‘‘इथं दिसत राहील मला,’’ ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. ‘‘ने तिला.’’

द्वारकी भावाला खाली ठेवायला तयार होईना. शेवटी मावशीनंच ते पोर तिच्या हातातून घेतलं आणि झोळीत घातलं. येताना गाडीत मावशी खिडकीबाहेर बघून सगळ्या जगाला शिव्या देत होती: कारखान्याला, मुकादमाला, अप्पासाहेबांना, ड्रायव्हरला. द्वारकीला कुणी कुरवाळलं नाही. सोनपेठला उतरल्यावर मावशीनं तिच्या पुढ्यात कांद्याचं टोपलं ठेवलं आणि चाकू दिला. मला वाटतं, त्यामुळंच ती तगली. कांदा चिरताना कुणी का रडतेस असं विचारत नाही.

पुढं द्वारकी शिकली. नर्स झाली, अजून माझ्या संपर्कात आहे, आता तिचे गुडघे दुखतात. तिचा भाऊ झोळीत वाढला आणि जगला. त्यात कुणाचं पुण्य नाही, बाभळीखाली त्या साली साप निघाला नाही एवढंच. हे मी लिहिते कारण अशा गोष्टींचा शेवट गोड करायची लोकांना सवय असते. पुढच्या साली मावशीनं अजून दोघींना ठेवून घेतलं आणि आमची झोपायची जागा पिठाच्या डब्यांवर गेली. शाळेतली ती खोली मी शाळा सोडेपर्यंत बंदच होती.

पण मला सांगायचं आहे ते सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाचं. द्वारकी माझ्याशेजारी येऊन बसली. पाठकबाई आत आल्या, त्यांनी तिला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसाच उजळला. त्यांनी तिला पुढं बोलावलं, वर्गाकडे तोंड करून उभं केलं आणि खांद्यावर हात ठेवला.

‘‘मुलांनो, बघा. आपण सगळ्यांनी मिळून मदत केली म्हणून आज ही परत शाळेत आली. टाळ्या वाजवा.’’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. द्वारकीनं माझ्याकडे बघितलं, काय चाललंय ते तिला कळेना. ती उभी होती एका अंगाला कलून, डावी कड बाहेर काढून, डावा हात कोपरात वाकवलेला, रिकामा.

‘‘सरळ उभी राहा ना,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अशी वाकडी काय उभी राहतेस?’’

द्वारकीनं सरळ व्हायचा प्रयत्न केला. क्षणभर झाली. मग पुन्हा आपोआप तशीच कलली.